तीन पायांची कोंबडी

चुइपाका,
१८ जानेवारी १९८१

ती. तोमासाताईस,
धाकट्या फेलिसियानाचा सा. न. वि. वि.

हे पत्र व्हिसेंता मिठवालीच्या टोपलीतून येतंय, मिठाच्या पार तळाशी, तेव्हा कागद खारट लागला तर मला बोल लावू नकोस. पोस्टाने पाठवायची हिंमत होत नाही. तिथे पाकिटं फोडतात असं सगळेच म्हणतात. वाचून झालं की चुलीत घाल. तू घालणार नाहीस हे मला माहीत आहे, तरी लिहून ठेवते.

मठातल्या दोघी सिस्टर नाताळानंतर गेल्या. फादर तर जुलैतच गेले होते. त्यांना देशाबाहेर काढलं की ते स्वतः गेले हे कुणी नीट सांगत नाही. दोन वर्षांपूर्वी मी सान लुकासहून मिशनच्या सेवेला आले तेव्हा आम्ही चौघं होतो. मुलांना धर्मशिक्षण देणं, जखमा बांधणं, बाळंतिणींना पाणी उकळून प्यायला लावणं ही कामं वाटून घेत होतो. आता साठ घरांच्या या वाडीत मी एकटी उरले आहे. मोठ्या सिस्टरने जाताना मला तीनदा विचारलं की तूही येतेस का. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं आणि ती वळणाआड गेल्यावर देवळामागे जाऊन ओकले. तुला खोटं कशाला सांगू, मला भीती वाटते. कुत्रं भुंकलं तरी दिवा विझवते.

मिस्सा आता इथे होत नाही. खाली सान बार्तोलोला एक म्हातारे फादर लपूनछपून मिस्सा करतात. महिन्यातून एकदा मी चार तास उतरून तिथे जाते आणि पवित्र भाकर घेऊन येते, म्हणजे वाडीतल्या आजारी माणसांना तरी ती मिळते. उघड आणता येत नाही. वाटेत सैनिकांचे दोन नाके आहेत. म्हणून ती आम्ही पानात बांधून उकडलेल्या तामालांमध्ये लपवतो. इतर तामाल साधे, मक्याच्या पिठाचे. एकाच्या पानाला मात्र दुहेरी गाठ. त्यात पीठ नसतं, स्वच्छ फडक्यात बांधलेली भाकर असते. गास्पारदादा, म्हणजे इथल्या देवळाची किल्ली सांभाळणारे, म्हणतात की बेथलेहेमातही येशू गोठ्यातच आला होता, त्याला टोपलीचं काय एवढं.

बाकी मजेत. इथल्या बायकांच्या चोळ्या हिरव्या, त्यात मी एकटी सान लुकासची जांभळी. पोरं मला जांभळी बाई म्हणतात. तू विणून दिलेला कमरेचा पट्टा रोज बांधते. त्याच्या टोकावरची तुझी कोंबडी पाहून मार्कोसा आजीने विचारलं की हे कुत्रं का. मी सांगितलं, आमच्या ताईने पहिल्या पट्ट्यात धागे चुकीचे मोजले, कोंबडीला तीन पाय झाले, आणि चूक कबूल करण्याऐवजी तिने तीच आपली खूण करून टाकली. आजी पोट धरून हसली.

मुलांना पापे. माया पातळ करू नकोस.

तुझी,
फेली

•

सान लुकास तोख,
६ फेब्रुवारी १९८१

चि. फेलिसियाना हिस,
तोमासाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. चुलीत घातलेलं नाही. मला लिहाय-वाचायला तूच शिकवलंस, आता वाचलेलं जाळ म्हणतेस. असली मास्तरीण मी पाहिली नाही.

माझी कोंबडी कुत्रं दिसते म्हणणाऱ्या त्या आजीला सांग, सान लुकासच्या बाजारात अर्ध्या बायकांच्या कमरेला ती कोंबडी आहे. देवळापाशी बसणारी मेणबत्तीवालीसुद्धा माझ्याच हातचा पट्टा बांधते आणि चार जणींना दाखवते. तीन पाय असले म्हणजे लवकर पडत नाही, असं सांग.

आता खरं बोलते. तू घरी ये. सिस्टर गेल्या, फादर गेले, ते काय वेडे होते म्हणून गेले? आपल्या पलीकडच्या गावात धर्मशिक्षण देणारे दोघे भाऊ रस्त्यावर सापडले. कसे सापडले ते लिहीत नाही. ज्याच्या घरात बायबल सापडेल त्याला सैनिक बंडखोर म्हणून उचलतात म्हणे. माणसाने काय केलं हे कुणी विचारतच नाही. तू तर बायबल उघडून पोरांना वाचून दाखवतेस.

आणि ती जांभळी चोळी. डोंगरभर हिरव्या बायका आणि त्यात तू एक जांभळी, म्हणजे लांबून बोट दाखवायची सोय. पूर्वी मला अभिमान होता की माझी बहीण आपल्या गावची चोळी घालून परक्या डोंगरात उभी आहे. आता तोच विचार आला की माग सोडून उठते. एक ओळ विणायला बसले की दोन उसवाव्या लागतात.

आई जाताना तुझा हात माझ्या हातात देऊन गेली. ती आता विचारेल तर मी काय सांगू, की देवाच्या कामाला गेली म्हणून मी तिला अडवलं नाही? देवाला कामाला दुसरं कुणी मिळत नाही का?

व्हिसेंता परत जाईल तेव्हा तिच्याबरोबरच खाली उतर. सामान टाकून दे. मी वाट पाहते आहे.

रागावलेली असले तरी तुझीच,
तोमासा

•

चुइपाका,
१२ मार्च १९८१

ती. ताईस,
फेलीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, मग हसले, मग पुन्हा रडले. उत्तर लिहायला उशीर झाला त्याला कारण आहे. गास्पारदादा सापडत नाहीत.

गेल्या आठवड्यात राखेच्या बुधवारी ते बाजाराला उतरले ते परत आलेच नाहीत. त्यांची टोपी पुलावर मिळाली. त्यांची बायको रोज सैनिकांच्या छावणीच्या दारात जाऊन बसते. तिथला माणूस तिला म्हणतो की तुला नवरा होता हे तरी खरं कशावरून. ती घरी येते, चूल पेटवते आणि दोघांसाठी भाकरी थापते. मला तिच्यासमोर बसवत नाही, आणि बसल्याशिवाय राहवतही नाही. देवळाची किल्ली आता माझ्याकडे आहे. उघडायला देऊळ नाही, बायकांनी ते आतून मक्याच्या ताटांनी भरून टाकलं, म्हणजे कोठार दिसावं. बायबलं मडक्यात घालून घेवड्याच्या वाफ्याखाली पुरली. आता मी मुलांना पाठ असेल तेवढंच सांगते. रविवारी माझ्या तोंडून प्रार्थना अर्ध्यात सुटली, दात वाजत होते. मार्कोसा आजीने उरलेली म्हटली आणि मुलांना सांगितलं की बाईंना थंडी वाजतेय.

खालच्या नाक्यावर बायकांना विचारतात की तुमच्यात शिकवायला आलेली परकी बाई कुठली. अजून कुणी तोंड उघडलेलं नाही. सगळ्या म्हणतात, अशी कुणी नाही, सगळ्या आमच्याच. पण तसं दिसायला हवं ना. म्हणून मार्कोसा आजीने आपल्या गेलेल्या लेकीची हिरवी चोळी पेटीतून काढून मला घातली. माझी जांभळी चोळी तिने स्वतः घडी करून मडक्यात बायबलांच्या वर ठेवली. केसांची फीतही आता त्यांच्यासारखी वळवून बांधते. लांबून मी आता चुइपाकाचीच.

राहिला फक्त पट्टा. त्यावाचून तर कमरेचं लुगडं राहत नाही, आणि इथे प्रत्येकीकडे एकच पट्टा, तोही अंगावरचा. बाजाराची वाट बंद झाल्यापासून लाल धागा संपला आहे. ताई, एक मागणं आहे. मार्कोसा आजीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा सोबत पाठवते. मक्याची कणसं, एक उलटं एक सुलटं, बघून तुला सहज जमेल. तसा एक विणून पाठव. पवित्र आठवड्यातल्या बुधवारी मला सान बार्तोलोला उतरायचं आहे. ईस्टरला वाडी पवित्र भाकरीविना राहिली असं गेल्या चाळीस वर्षांत झालेलं नाही. आणि यंदा त्यांना तिची गरज आहे. गास्पारदादांची बायको रोज मला, भाकर येईल ना, एवढं एकच विचारते.

घरी ये म्हणालीस. येईन म्हणून दोनदा बोचकं बांधलं. दोन्ही वेळा कुणीतरी दारात मूल घेऊन आलं. मी शूर नाही, ताई. मला निघता येत नाही, एवढंच आहे.

पट्टा विसरू नकोस आणि मला टाकू नकोस.

तुझी,
फेली

•

सान लुकास तोख,
३ एप्रिल १९८१

चि. फेली हिस,
अ. उ. आ.

पट्टा विणणार नाही.

दुसऱ्या गावची कणसं माझ्या मागावर येणार नाहीत, असं मी व्हिसेंताला सांगितलं, आणि तिला ते पटलंही. तिला वाटलं, मला गावाचा ताठा आहे. आहेच. पण तुला खरं कारण सांगते. मी तो पट्टा विणला की तू तिथे राहा असं मीच म्हटल्यासारखं होईल. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते. मग स्वतःशी कशी भांडू? पट्टा मिळाला नाही तर तू नाक्यापाशी उतरणार नाहीस. उतरली नाहीस तर जगशील, आणि कंटाळून घरी येशील. माझा हिशोब इतका साधा आहे. तुला स्वार्थी वाटला तर वाटू दे.

तो तुकडा खिडकीच्या फटीत कोंबला आहे, वारा येतो तिथे. त्याला बघितलं की संताप होतो.

गास्पारदादांसाठी मेणबत्ती लावली. मेणबत्तीवाली स्वतःच रडत बसली होती. तिच्या थोरल्याला मागच्या जत्रेत सैनिकांनी ट्रकमध्ये घालून नेलं होतं, आता त्यालाच गणवेश घातला आहे आणि कुठल्या डोंगरात पाठवलाय ते आईला ठाऊक नाही. तिच्यापाशी बसले आणि मनात म्हटलं, निदान माझी बहीण त्या बाजूला नाही. मग वाटलं, कुठली बाजू जास्त भीतीची? मला कळत नाही.

उतरू नकोस. हात जोडते. तुझ्यापेक्षा मोठी असून हात जोडते आहे, याची तरी लाज ठेव.

तोमासा

•

सान लुकास तोख,
७ मे १९८१

चि. फेली हिस,

ईस्टर होऊन अठरा दिवस झाले. तुझं पत्र नाही. व्हिसेंताला चार आठवडे डोंगरात जाऊ दिलेलं नाही, म्हणून नसेल, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगते. दुपारपर्यंत ते पुरतं.

काल काय झालं ते लिहिते. तू वाचशील की नाही हे मला माहीत नाही, पण लिहिल्याशिवाय जमणार नाही.

बाजार भरला होता. माझ्या पालापुढे एक सैनिक येऊन उभा राहिला. गणवेशातला, बंदुकीशिवाय. तो नुसता पट्ट्यांकडे बघत राहिला. शेजारच्या बायका हळूहळू आपापला माल उचलून लांब झाल्या. मग त्याने सदऱ्याच्या आतून एक पट्टा काढून माझ्यापुढे ठेवला. फेली, तो तुझा पट्टा होता. मी उलटा करून बघितलाही नाही. टोकावरची कोंबडी आणि तिचे तीन पाय दिसले, आणि मला कळलं की तू मेलीस. वाटलं, याच हातांनी हे केलं आणि आता हा माझ्याकडे बघायला आला आहे. मी त्याच्या हातांकडे बघत राहिले. नखांखाली माती होती.

तो खाली बसला आणि आपल्या भाषेत बोलला. स्पॅनिशमध्ये नाही, आपल्या. म्हणाला की मावशी, ओळखलं नाहीस का, माझी आई मेणबत्त्या विकते. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. म्हणाला की सान बार्तोलोच्या वरच्या नाक्यावर तो पहाऱ्याला होता, एक बाई टोपली घेऊन आली, चोळी हिरवी, फीत हिरवी, आणि पट्टा माझ्या आईच्या पट्ट्यासारखा. असली कोंबडी दुसरं कोण विणणार. त्याला कळलं की जिला शोधतायत ती हीच, आणि ही आमच्या गावची आहे. पुढच्या नाक्यावर बसलेला माणूस डोंगरातलाच होता, कुठल्या वाडीची बाई काय बांधते हे त्याला पाठ. त्याच्यासमोर ती गेली असती तर नाव विचारायचीही गरज पडली नसती. म्हणून त्याने पट्टा काढून घेतला. लोकांना वाटलं, सैनिक लुबाडतो आहे.

मी विचारलं की पुढे काय झालं. म्हणाला की ती वर चढून गेली, वळणापर्यंत मला दिसत होती, त्यानंतरचं मला माहीत नाही. जाताना म्हणाला, आईला सांगू नकोस मी काय काम करतो ते.

वळणानंतरचं कुणालाच माहीत नाही. कालपासून मी जेवलेले नाही. मी पट्टा विणला असता तर त्याला काढून घ्यावा लागला नसता, तुला उभं राहावं लागलं नसतं. तू जगावीस म्हणून मी नाही म्हटलं, आणि माझ्या त्या नकारानेच तुला त्या पोराच्या पुढ्यात नेऊन उभं केलं. खिडकीतला तो तुकडा काढून धुतला आहे. पावसाने रंग जरा उतरलाय, पण कणसं मोजता येतात.

एक ओळ लिही. नुसतं नाव लिही.

तुझी ताई

•

चुइपाका,
१९ मे १९८१

ती. ताईस,
जिवंत असलेल्या फेलीचा सा. न. वि. वि.

काल व्हिसेंता आली. नाक्यावर तिचं अर्धं मीठ सांडून टाकलं, पण पत्र पोचलं. तुझं पत्र वाचून मी तिथेच बसले. तू जेव बरं आधी. मग पुढचं वाच.

चूक माझीच झाली. पट्टा येणार नाही हे कळल्यावर मार्कोसा आजी म्हणाली होती की पोत्याचा दोर बांधून जा. शहाणपण असतं तर बांधला असता. पण ईस्टरची पवित्र भाकर आणायची आणि कमरेला पोत्याचा दोर, माझं मन होईना. आपल्याकडे अशी कुणी जाईल का, तूच सांग. शिवाय तो पट्टा तुझा होता. एकटीने जायचं होतं, तेवढाच तू सोबत असल्याचा आधार. वरून शाल ओढून घेईन असं ठरवलं. उतरताना पहाटेच्या अंधारात दोन्ही नाक्यांवर ते निभावलं, पण परतताना पहिल्याच नाक्यावर त्यांनी शाल काढायला लावली.

तू लिहिलंस तोच मुलगा जवळ आला आणि पट्ट्याकडे बघतच राहिला. ताई, मला वाटलं झालं. त्यांचा मोठा अधिकारी खुर्चीवर बसून माझ्याच टोपलीतून तामाल खात होता. दोन खाल्ले. तिसऱ्यासाठी हात घातला तो नेमका दुहेरी गाठीवर. त्याच क्षणी हा मुलगा स्पॅनिशमध्ये ओरडला की पट्टा छान आहे, माझ्या आईला हवा, सोड. आणि गाठ सोडताना आपल्या भाषेत पुटपुटला की ताई, याच्यामुळे मरशील, लुगडं धर आणि चालू लाग. पट्टा नसलेल्या बाईची फजिती बघून अधिकारी इतका हसला की हातातलं टोपलीत टाकून दिलं. मी टोपली डोक्यावर घेतली आणि निघाले.

तिथून चुइपाकापर्यंत तीन तास मी एका हाताने टोपली आणि दुसऱ्या हाताने लुगडं धरून चढले. पुढच्या नाक्यावरच्या माणसाने मला नीट निरखलं आणि विचारलं की पट्टा कुठे. मी म्हटलं, तुमच्या पोरांनी घेतला. तो म्हणाला, हरामखोर आहेत. बस, एवढंच. वळणावर रडू आलं, पण डोळे पुसायला तिसरा हात नव्हता. तेव्हा तुझी कोंबडी आठवली आणि हसू आलं.

ईस्टरला सगळ्यांना भाकर मिळाली. छोटे छोटे तुकडे केले. गास्पारदादांच्या बायकोने घेतला आणि तोंडात किती तरी वेळ धरून ठेवला. दादा अजून आलेले नाहीत.

मी बरी आहे. घाबरते तितकीच. आता दोर बांधते, आजी म्हणते बांधलेली शेळी दिसतेस. पुढच्या महिन्यात पुन्हा उतरायचं आहे. ये म्हणू नकोस, ताई. तू म्हणालीस तर या वेळी मी खरंच येईन, म्हणून सांगते, म्हणू नकोस.

तुझी,
फेली

•

सान लुकास तोख,
२८ मे १९८१

चि. फेली हिस,
अ. उ. आ.

जेवले.

ये म्हणणार नाही. इतकंच लिहायला चार दिवस लागले, म्हणून पत्र छोटं आहे.

मिठाच्या तळाशी पट्टा आहे. लाल धागा आपल्याकडचा असला तरी कणसं तुमच्याकडचीच आहेत, एक उलटं एक सुलटं, मार्कोसा आजीकडून मोजून घे. चारदा उसवला, पाचव्यांदा जमलं. गाठ डाव्या बाजूला घाल. आपण उजवीकडे घालतो ती सवय मोडायला हवी. व्हिसेंताला विचारून घेतलं, तुमच्या वाडीत डावीकडेच घालतात.

टोकाला कोंबडी घातलेली नाही. माझ्या हातचा हा पहिला पट्टा आहे ज्यावर माझी खूण नाही. कुणी विचारलं तर तो कुणी विणला हे तुला माहीत नाही, आणि तुला बहीणही नाही.

तुझा मी बांधला आहे. तू आलीस की आपण बदलू.

तोमासा